घरून पॅरालीगल काम: वकिलांसाठी फाईल तयार करण्याचा व्यवसाय कसा उभा करावा

वाटपाचा एक दावा घ्या. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दहा-बारा वर्षं चालला, जिल्हा न्यायालयात अपील झालं आणि आता दुसऱ्या अपिलासाठी उच्च न्यायालयात निघाला आहे. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), साक्षी, सातबारा, फेरफार, सगळं मराठीत. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीत चालतं. म्हणजे ही दोन-अडीचशे पानं कोणीतरी नीट वाचायची, क्रमाने लावायची, त्यातल्या तारखा काढायच्या, लागतील तेवढ्या कागदांचं भाषांतर करायचं आणि ई-फायलिंगला चालेल अशी पीडीएफ बनवायची. एकट्याने वकिली करणाऱ्या माणसाकडे एवढा वेळ नसतो, आणि पूर्णवेळ माणूस ठेवणं परवडतही नाही. ही जागा घरी बसून भरून काढता येते, आणि त्यासाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागत नाही.

मी नऊ वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगपासून सुरुवात करून फाइली सांभाळल्या आणि मग घरच्या अडचणीमुळे हेच काम घरून सुरू केलं. या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली. वकील आपल्याला पैसे देतो ते टायपिंगचे नव्हेत. आपण दिलेला कागद पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागू नये, या खात्रीचे ते पैसे असतात. खाली जे सांगते आहे ते सगळं ही खात्री कशी कमवायची याबद्दल आहे.

आधी कुंपण समजून घ्या

आपल्याकडे पॅरालीगल हा परवाना लागणारा स्वतंत्र व्यवसाय नाही. म्हणून कोणतीही परीक्षा न देता हे काम सुरू करता येतं, आणि म्हणूनच कुठे थांबायचं हे आपलं आपल्याला पाठ असावं लागतं. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली फक्त सनदधारकाने करायची. अधिकार नसताना न्यायालयात किंवा एखाद्या प्राधिकरणापुढे वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि वकिली म्हणजे फक्त काळा कोट घालून उभं राहणं नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या प्रकरणात १३ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदेशीर सल्ला देणं, मसुदे करणं हेसुद्धा वकिलीतच मोडतं. त्याच निकालात आपल्या कामाचीही जागा सापडते: शब्दप्रक्रिया, सचिवीय मदत, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून देणं, मुद्रितशोधन अशी कामं बाहेरच्या संस्थेने केली तर ती या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पण नाव काहीही दिलं तरी कामाचा गाभा वकिलीचा असेल, तर कायदा लागू होतो.

याचा रोजच्या कामातला अर्थ सरळ आहे. आपला ग्राहक कायम वकील. पक्षकार नाही. मसुद्याचा कच्चा खर्डा आपण वकिलांनी सांगितलेल्या मुद्द्यांवरून टाईप करू, पण मुद्दे त्यांचे, शेवटचा शब्द त्यांचा आणि सहीही त्यांचीच. तुम्ही कोर्टाचं काम करता हे कळलं की शेजारची बाई एक दिवस विचारणारच: "ताई, सासऱ्यांनी घर दिरांच्या नावावर केलं, आता मी काय करू?" उत्तर माहीत असलं तरी द्यायचं नाही. वकील गाठायला सांगायचं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवायचा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अटकेतल्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं, आणि हे अजूनही कितीतरी घरांत ठाऊक नाही. एवढी माहिती देणं म्हणजे सल्ला नव्हे. ती जरूर द्या.

त्या शेजारणीला तुमच्याच एखाद्या वकिलांकडे पाठवून त्याबद्दल पैसे घेणं मात्र धोक्याचं आहे. मोबदला घेऊन वकिलांना कामं मिळवून देणारे, म्हणजे दलाल, यांच्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५अ आलं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनद नसलेल्या माणसाबरोबर फी वाटून घेता येत नाही. म्हणून "केसच्या फीतले दहा टक्के" असा व्यवहार कितीही प्रेमाने पुढे आला तरी स्वीकारू नका. दर पानाचा, तासाचा किंवा कामाचा असावा.

पाटीवर किंवा व्हॉट्सॲपच्या ओळखीत "कायदेविषयक सल्ला", "ॲड.", न्यायदेवतेचं चित्र यातलं काहीही नको. "वकिलांसाठी दस्तऐवज व भाषांतर सेवा" एवढं पुरे. विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर असतात, ते वेगळे. ती लोकांमध्ये जाऊन करायची स्वयंसेवा आहे. आणि तुमच्याकडे सनद असेल, समजा मुलं लहान असताना प्रॅक्टिस थांबवली असेल, तर तुम्हाला मसुदे करता येतील, पण जाहिरातबंदीसकट बार कौन्सिलचे सगळे नियमही लागू राहतील.

कोणतं काम धरायचं

सगळंच करतो म्हणणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा येत नाही. सुरुवातीला दोन कामं धरा.

माझा कल उघडपणे भाषांतर आणि तारखांचा तक्ता या जोडीकडे आहे. कारण ही दोन्ही कामं घरून पूर्ण होतात, कोर्टाच्या खिडकीशी उभं राहावं लागत नाही, आणि मराठी कागद नीट वाचता येणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या तरुण वकिलांना "अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीनाचा पालक), "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर हे सांगावं लागतं. मोडी वाचता येत असेल तर तुमच्या हातात सोनं आहे. जुन्या जमिनींच्या कागदांत मोडी अजून भेटते. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील आता मुंबईला फाईल न पाठवता स्वतः अपिलं चालवू लागले आहेत, आणि मराठी फाईल इंग्रजीत उभी करणारा माणूस त्यांना जवळच हवा असतो.

याशिवाय ई-फायलिंगसाठी पीडीएफ तयार करणं, साक्षीच्या टंकलिखित प्रती, दस्तऐवजांच्या याद्या, सातबारा-फेरफार-सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) यांचा ऑनलाइन शोध, गृहनिर्माण संस्थांच्या मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्स) कागदांची जुळवाजुळव, वकिलांची तारखांची डायरी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून रोज ताजी ठेवणं, अशी कामं आहेत. शेवटचं काम लहान वाटतं, पण महिन्याचं ठरावीक उत्पन्न त्यातूनच येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. एका वकिलांची सत्तर प्रकरणं त्या क्रमांकांनिशी तक्त्यात बसवली की रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, त्यांच्या फोनवर पाठवता येतो.

कोर्टात धावपळ करणारे वकिलांचे कारकून हे आपले स्पर्धक नाहीत, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. कोणत्या खात्यात कोणता आक्षेप निघतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांच्याशी चांगले संबंध ठेवा.

शिकायचं काय

इग्नूची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका घरून करता येते. झाली तर उत्तम. नसेल तर अडत नाही. मराठी टायपिंग मात्र हवंच, आणि तेही युनिकोडमध्ये. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी मराठी परीक्षा दिलेली असेल तर सांगायला चांगली. जुन्या ऑफिसांत अजूनही जुन्या फॉन्टमधल्या फायली निघतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या की जोडाक्षरं आणि रफार तुटतात, त्यामुळे त्या फाइली वेगळ्या वेळ धरून तपासायच्या.

सरावासाठी कोणाची फाईल मागू नका. ई-कोर्ट्सवर मराठी निकाल मिळतात, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. एक जमिनीचा, एक धनादेशाचा आणि एक पोटगीचा निकाल घ्या. तिन्हींचा तारखांचा तक्ता करा, दोन पानांचं भाषांतर करा, सारांश लिहा. पुढे नमुना म्हणून दाखवायला हेच कामाला येतं, फक्त त्यातली पक्षकारांची नावं काढून टाका.

घरातली जागा आणि गुप्तता

टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, स्कॅनर, लेझर प्रिंटर, इन्व्हर्टर. यात फार विचार करू नका. स्कॅनरवर दोन पैसे जास्त खर्च करा, बाकी साधं चालतं.

खरा विचार गुप्ततेचा करायचा. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने जपलेलं आहे, आणि ते बंधन दुभाषे, वकिलांचे कारकून आणि कर्मचारी यांच्यावरही आहे. आपण बाहेरून काम करतो, म्हणून हेच बंधन एका पानाच्या करारात लिहून दोघांनी सही करावी. मी हा कागद स्वतःच पुढे करते. नव्या वकिलांना त्यानेच पहिला विश्वास वाटतो.

घरात हे असं पाळा. कॉम्प्युटरवर कामाचं खातं वेगळं आणि त्याला पासवर्ड. मुलांचा ऑनलाइन क्लास त्या खात्यावर नाही. डिस्क कूटबद्ध करून ठेवा. ईमेलला दुहेरी पडताळणी. कागद उघड्यावर टेबलावर राहत नाहीत, कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप असतं. खराब प्रिंट रद्दीत जात नाही, फाडून बारीक केली जाते. किराणा दुकानात कोणाच्या घटस्फोटाच्या अर्जात शेंगदाणे बांधून मिळू नयेत. लैंगिक गुन्ह्यांच्या फाइलींबद्दल तर फार जपायचं. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ आहे. अशा फाईलच्या नावातही पीडितेचं नाव टाकू नका, नमुन्यात तर अजिबात नाही.

फुकटच्या भाषांतर साधनांत किंवा एआयच्या चौकटीत फाईल चिकटवणं हेही गुप्तता मोडणंच आहे. वकिलांची लेखी परवानगी नसेल तर करू नका.

पहिली फाईल हातात आल्यावर

पाकीट उघडण्याआधी फक्त पक्षकारांची नावं विचारा. एक वही ठेवा, तिच्यात आजवर केलेल्या प्रत्येक कामातली दोन्ही बाजूंची नावं, गाव आणि वकिलांचं नाव. आपण अनेक वकिलांची कामं करतो, त्यामुळे एकाच दाव्यातले वादी आणि प्रतिवादी दोघांच्याही फाइली आपल्या दारात येऊ शकतात. लहान गावात हे हमखास घडतं. नाव जुळलं तर दुसरं काम नाकारायचं, आणि का नाकारलं हेही सांगायचं नाही. "सध्या घेता येणार नाही, सर" एवढंच. ही वही नसेल तर एक दिवस सगळा व्यवसाय बसेल.

मग पानं मोजून पोच द्या. शक्यतो मूळ कागद घेऊच नका, छायाप्रती किंवा स्कॅन मागवा. स्कॅन ३०० डीपीआयवर, पानं सरळ, शोधता येईल अशी पीडीएफ. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कागदाचं नाव लिहिलं की सगळे कागद आपोआप तारखेने लागतात. कोर्टाचा निशाणी क्रमांक (कागदाला कोर्टाने दिलेला एक्झिबिट नंबर) आणि आपला पान क्रमांक वेगळे ठेवा. दोन्ही एकत्र झाले की युक्तिवादाच्या वेळी वकिलांची बोटं भलत्या पानावर जातात.

यानंतर तारखांचा तक्ता. चार रकाने: तारीख, काय घडलं, कोणत्या पानावर, शेरा. नियम एकच, पान क्रमांकाशिवाय एकही ओळ लिहायची नाही. "प्रतिवादीने लबाडीने फेरफार करून घेतला" असं लिहायचं नाही; "फेरफार क्रमांक अमुक, अमुक तारखेस मंजूर, पान ४७" असं लिहायचं. दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन्ही लिहा आणि शेऱ्यात तफावत नोंदवा. आपण दुरुस्ती करायची नाही. कित्येकदा त्या तफावतीतच खटल्याचं मर्म असतं. "दत्तात्रय" आणि "दत्तात्रेय", "उर्फ" लावलेली नावं, एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरचे झालेले गट नंबर यांचा एक जुळणी तक्ता सोबत द्या. माझ्या एका वकीलसाहेबांनी या जुळणी तक्त्यावरच मला पुढची चार कामं दिली.

धनादेश न वटल्याचं प्रकरण हे सरावासाठी सगळ्यात चांगलं, कारण त्यात सगळा खेळ तारखांचा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्याची मुदत, आणि ती उलटल्यावर कलम १४२ प्रमाणे एक महिन्यात फिर्याद. मग तक्त्यात काय काय हवं? धनादेशाची तारीख, भरल्याची तारीख, बँकेच्या परतीच्या मेमोची तारीख, तो मेमो हातात पडल्याची तारीख, नोटीस पाठवल्याची, ती पोचल्याची. मेमोची तारीख आणि तो मिळाल्याची तारीख वेगळी असू शकते. पोस्टाच्या पावतीची आणि पोचपावतीची तर असतेच. या सहाही तारखा आपण पुराव्याच्या पानासह द्यायच्या. मुदतीत बसतं की नाही, हा निष्कर्ष मात्र वकिलांचा. तक्त्याखाली "मुदतीत आहे" असं लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा.

हे मी ठेच लागून शिकले. घरून काम सुरू केल्याच्या दुसऱ्याच महिन्यात एका अपिलाची फाईल आली. निकालाच्या नकलेवरच्या शिक्क्यात नकलेसाठी अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तारखा असतात. नक्कल मिळवायला लागलेला काळ मुदत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मुदतीतून वगळला जातो, म्हणून या शिक्क्याला फार किंमत. मी घाईत तयार झाल्याची तारीख दिल्याच्या रकान्यात टाकली. वकीलसाहेबांनी मूळ शिक्का पाहिला म्हणून निभावलं. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुमचा तक्ता बघून मी फाईल न उघडता बसलो असतो तर?" त्या दिवसापासून प्रत्येक शिक्क्याचं लहानसं चित्र कापून मी तक्त्यात त्या तारखेशेजारी लावते. दोन मिनिटं जास्त जातात, पण वकिलांना आकडा आणि शिक्का एकाच नजरेत दिसतात.

भाषांतर करताना

सातबाऱ्यावरचं "पोट खराब", म्हणजे लागवडीला न येणारा जमिनीचा भाग, यंत्राने पोटदुखीच्या अंगाने नेलेलं मी पाहिलं आहे. "कूळ" म्हणजे जमीन कसणारा, घराणं नव्हे. "बोजा" म्हणजे जमिनीवरचा कर्जाचा भार. "फिर्यादी" आणि "वादी" यांना इंग्रजीत एकच शब्द चालत नाही. "साठेखत" आणि "खरेदीखत" यांत गल्लत झाली तर मालकीचाच अर्थ बदलतो. साठेखत हा विक्रीचा करार, खरेदीखताने विक्री पूर्ण होते. स्वतःचा शब्दसंग्रह पहिल्या दिवसापासून तक्त्यात ठेवा आणि एका फाईलमध्ये एका शब्दाला एकच प्रतिशब्द वापरा. एकाच साक्षीत "बांध" तीन वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांनी आला की तीन वेगळ्या वस्तू असल्यासारखं वाटतं.

साक्षीदाराचं बोलणं सुधारू नका. तो तुटक बोलला असेल तर भाषांतरही तुटक हवं. न वाचता येणाऱ्या जागी अंदाज नको. तिथे "अवाच्य" असं कंसात लिहा आणि पान सांगा. शिक्के, सह्या, समासातल्या नोंदी, खाडाखोड यांचाही उल्लेख हवा. भाषांतर खरं असल्याचा दाखला खाली कोण देणार, हे काम घेतानाच विचारून घ्या.

कलमांचे आकडे हा सध्याचा मोठा खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. पोटगीचं जुनं कलम १२५ आता १४४ झालं, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). गंमत म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ४८२ होतंच, पण ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं, आणि ते आता ५२८ झालं आहे. त्यामुळे नुसता "४८२" असा आकडा कधीही लिहू नका, सोबत कायद्याचं नाव हवं. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, म्हणून फाईलमधलं जुनं कलम "चुकीचं" समजून परस्पर बदललं तर घोटाळा होतो. शंका आली तर शेऱ्यात लिहा आणि विचारा.

निकालांचे दाखले शोधून द्यायचं काम आलं तर प्रत्येक निकाल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय यादीत टाकू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांनी एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. असा दाखला आपण दिला तर नाव मात्र वकिलांचं जाईल.

व्हॉट्सॲपचे संवाद किंवा ध्वनिमुद्रण पुराव्यात असेल तर ते कापून, सजवून देऊ नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडण्याचा डिजिटल ठसा, द्यायचं असतं. आपण फक्त कोणत्या फोनवरून, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमाने मिळालं याची नोंद ठेवायची.

काम संपलं की लगेच पाठवू नका. एक रात्र जाऊ द्या. सकाळी छापून घ्या आणि आकडे मोठ्याने वाचा: तारखा, गट नंबर, रकमा, हेक्टर-आर. घरातलं कोणी समोर मूळ कागद धरून बसू शकत नाही, गुप्ततेमुळे. म्हणून मी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करते, मग मूळ कागद समोर ठेवून ऐकते आणि रेकॉर्डिंग पुसून टाकते.

दर कसा काढायचा

दुसऱ्याचा दर ऐकून स्वतःचा ठरवू नका. आधी घड्याळ लावा. टंकलिखित मराठीची दहा पानं भाषांतर करून तपासायला किती तास लागतात ते मोजा. समजा आठ तास लागले आणि तासाला अडीचशे रुपये मिळावेत असं तुम्हाला वाटतं, तर पानाला दोनशे. मग हस्तलिखितासाठी दीडपट, मोडीसाठी वेगळा, रात्रीतून हवं असेल तर वेगळा. पान म्हणजे काय हेही लिहून ठेवा: मूळ पान की भाषांतराचं पान, आणि एका पानात किती शब्द. या एका खुलाशाअभावी निम्मी भांडणं होतात.

नव्या वकिलांकडून अर्धी रक्कम आधी घ्या. पहिलं काम फुकट करून देऊ नका. हवं तर एक पान नमुना म्हणून द्या.

नोंदणी आणि हिशेब

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारा एजंट नको. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापा, तोंडाने कधी बोलून दाखवू नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन माहिती द्यावी लागते, आणि ती पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची, तिथवर पोचेपर्यंत चिंता नको. वकिलांनी टीडीएस कापला तर तो आपल्या पॅनवर जमा झालेला दिसतो का, ते दर तीन महिन्यांनी बघा.

कामं मिळवायची कशी

वर्तमानपत्रात जाहिरात देऊन या धंद्यात काम येत नाही. बार रूममध्ये तोंडोतोंडी येतं. ज्यांच्याकडे कारकून-टायपिस्टांचा ताफा आहे त्या ज्येष्ठांकडे जाऊ नका. पाच ते पंधरा वर्षं प्रॅक्टिस असलेले, एकट्याने काम करणारे दहा वकील निवडा. कोर्टाच्या वेळेत फोन नको. संध्याकाळी साडेसहानंतर असा संदेश पुरे:

"नमस्कार सर. मी वकिलांसाठी मराठी-इंग्रजी भाषांतर व तारखांचे तक्ते करून देते. नऊ वर्षं वकिलांच्या कार्यालयात काम केलं आहे. एका सार्वजनिक निकालावरून केलेला नमुना सोबत आहे. पक्षकारांशी मी थेट व्यवहार करत नाही. गोपनीयतेचा करार मीच करून देते. आपल्या सवडीने पाहावा."

दहांपैकी दोघांचं उत्तर आलं तरी ती चांगली सुरुवात आहे. पहिले तीन महिने आठवड्याला एकच काम घ्या. "सोमवारी देते" म्हटलं असेल तर रविवारी रात्री द्या. जमणार नसेल तर शुक्रवारीच कळवा, म्हणजे वकिलांना दुसरी सोय करता येईल. उशीर कळवला नाही आणि त्या दिवशी त्यांना कोर्टात मुदत मागावी लागली, तर ते नातं तिथेच संपतं.

काम संपल्यावर फाईल नीट बंद करा. आलेले कागद मोजून परत द्या आणि त्याची पोच घ्या. आपल्याकडची डिजिटल प्रत किती दिवस ठेवायची हे करारात लिहिलेलं असावं. मी नव्वद दिवस ठेवते, मग वकिलांना आदल्या आठवड्यात कळवून पुसते. वहीत फक्त दोन्ही पक्षांची नावं, गाव, वकिलांचं नाव आणि तारीख राहते. पुढचं पाकीट आलं की आधी ती वही उघडायची.